मोताळ्याचं कुंकू

२१ एप्रिल १९३७, सुलतानपूर

उद्या निघायचं. यांनी ते भूत अखेर दारात आणून उभं केलंच. मेहकर-चिखली धावून धावून हाडं खिळखिळी झालेली जुनी सर्व्हिस मोटार. बाक उपटले, सुताराकडून आत पलंग ठोकून घेतला, एक फडताळ, पाण्याची टाकी, खिडक्यांना पडदे. म्हणतात, "हे आपलं फिरतं घर." मी आत डोकं घातलं आणि तसंच बाहेर काढलं. हजार उतारूंचा घाम, विड्या आणि कुणाची तरी जुनी ओकारी, सगळं त्या लाकडात मुरलेलं. कडुनिंबाच्या पाल्याचा धूर दिला, वर फिनेल ओतलं. आता ओकारी आहे, धूर आहे आणि फिनेलही आहे. शी!

तरी जाणार आहे. का, ते लिहून ठेवते, नाहीतर पुढे माझं मलाच खरं वाटायचं नाही.

लग्नाला बारा वर्षं झाली. पदरी मूल नाही. संक्रांतीपासून सासूबाईंनी, म्हणजे गोजरबाईंनी, एकच धोशा लावला होता, "शेषराव, दुसरी कर. घर काय मांजरं सांभाळतील?" मी ऐकत होते आणि भाकऱ्या थापत होते. पाडव्याच्या दिवशी यांनी मला माजघरात बोलावलं आणि म्हणाले, "तो विषय मी बंद केला. आता घरात कोणी काढणार नाही. चल, तुले मुलूख दाखवतो. जाता जाता निवृत्तीसाठी पोरी पाहून घेऊ. तू त्याची वहिनी, तुझ्याशिवाय कोण पाहणार?"

मी रडले. सांगू नये अशी रडले. निवृत्ती माझा धाकटा दीर, नागपुरात वकिली शिकतो. मी या घरात आले तेव्हा तो दहा वर्षांचा होता, कानात खरूज घेऊन फिरायचा. त्याला मीच न्हाऊ घातलं. त्याची बायको मी नाही पाहायची तर कोणी?

२३ एप्रिल, लोणार

हे तळं पाहण्यासारखं आहे असं पहिल्यांदा ज्यानं ठरवलं, त्याचं नाक बसलेलं असावं. वरून खोलगट परात दिसते, तळाशी हिरवं पाणी. एक एक पायरी उतरावी तसा सडक्या अंड्यांचा वास घट्ट होत जातो. हे नाकाला रुमाल लावून "निसर्गाचा चमत्कार! निसर्गाचा चमत्कार!" करत होते. मी काठावर बसून दोनदा उलटी केली.

कमळजादेवीची ओटी भरली. काय मागितलं ते इथंही लिहीत नाही. बारा वर्षं तेच ऐकून देवीलाही वीट आला असेल.

काठाच्या वर रावटी ठोकली आहे. भाकरीत मुंग्या, पाण्यात माती, अंथरुणात बकरीच्या लेंड्या. मोटार चढावर दम टाकते. मग आम्ही दोघांनी उतरायचं, यांनी ढकलल्यासारखं करायचं आणि मी पदर खोचून चाकामागं दगड लावत चालायचं. देशमुखांची सून आणि हा तिचा राजयोग. ड्रायव्हर नजीर बिचारा शरमून म्हणतो, "बाईसाहेब, तुमी राहू द्या, मी लावतो." पण तो दगड लावणार तर चाक कोण धरणार?

आणि यांनी प्रवासाला मिशांचा कलप आणला आहे! सकाळी आरसा खिडकीला टांगून लावत बसतात. दुपारी घाम आला की काळा ओघळ हनुवटीपर्यंत येतो. मी म्हटलं, "लोणारच्या बकऱ्यांना दाखवायच्या आहेत का मिशा?" तर चिडले.

२६ एप्रिल, मेहकर

मोटार बाजारात उभी करताच बायका पोरं काखेत मारून पळाल्या. त्यांना वाटलं, देवीची लस टोचणारे सरकारी लोक आले. दोघे जण उलट जवळ येऊन विचारत होते, तमाशा कुठं लागणार. मी पडद्याआड बसले होते, तर एक मेला पडदा वर करून म्हणतो, "नाचणारी हीच काय बे?" नजीरनं त्याला चोपलं.

बालाजीचं दर्शन झालं. काळ्या पाषाणाची मूर्ती, अंगावरचा दागिना न् दागिना कोरलेला. तेवढं खरं पाहिलं. बाकी देवळाच्या मागं जी घाण, ती लिहिताना टाक विटाळेल.

पहिली मुलगी पाहिली. चौथी शिकलेली, पोथी खाड खाड वाचते. मीच तिची परीक्षा घेतली, चालायला लावलं, वेणी सोडून केस पाहिले, सुईत दोरा ओवून घेतला. मला बारा वर्षांपूर्वी असंच पाहिलं होतं तेव्हा मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं. या बाजूनं बसलं की काही वाटत नाही, उलट अंगात येतं. मुलगी निवृत्तीला शोभली असती. पण यांनी एकच विचारलं, "भावंडं किती?" बाप म्हणाला, "एकुलती एक हाय." हे पोहे तसेच टाकून उठले.

बाहेर मी म्हटलं, "एकुलती म्हणजे बापाचं सगळं तिचंच की!" म्हणाले, "तुले नाही समजत. घराण्यात पीक पाहिजे." निवृत्तीच्या पोराबाळांची आतापासून काळजी! घरादाराचा विचार करतात, तेवढं मात्र मानावं लागेल.

२९ एप्रिल, साखरखेर्डा

आज जो अपमान झाला तो या जन्मात विसरणार नाही.

घर चांगलं, मुलीचे चुलते चांगले. यांनी मला पाच मिनिटं मोटारीत थांबायला सांगितलं, "आधी पुरुषांचं बोलणं होऊ दे." मग मी आत गेले. ओसरीत मुलीची आजी बसली होती, अन्नपूर्णाबाई. मी वाकून नमस्कार केला. तिनं मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि म्हणाली, "माय, तू सोबत आली?"

"हो, यांच्याबरोबरच फिरते आहे."

"तुले कायीच वाटत नाई?"

"काय वाटायचं?"

"अवं, आमी मेलो असतो. पन असं गावोगाव नवऱ्यासंगं फिरलो नसतो." आणि आतल्या सुनेला ओरडली, "पोरीले बाहीर आनू नका! या घरात मले नाई करायचं हे."

म्हणजे काय, नवऱ्याबरोबर मोटारीत बसले हा गुन्हा? पडद्यात बसते, डोक्यावरचा पदर ढळू देत नाही. म्हातारीचं तोंड का गटार! निघताना मात्र तिनं माझा हात धरला आणि कडाकडा बोटं मोडली. आधी शिव्या आणि मग दृष्ट काढायची. येडी असेल.

यांना सांगितलं, तर रस्त्याकडं बघत म्हणाले, "जुनी माणसं. सोड." नजीर चाक इतकं घट्ट धरून बसला होता की जणू तेच पळून जाणार होतं.

२ मे, बुलढाणा

हवा थंड आहे, एवढंच काय ते. साहेब लोकांच्या बंगल्यांसमोर हिरवळ आणि आम्हाला राहायला सराईमागं उकिरड्याशेजारची जागा. यांनी कचेरी, क्लब, बाग असं सगळं लांबून दाखवलं. आत कुठंच जाता येत नाही. खाणावळीत वरणात माशी. मी वाटी सरकवली, तर मालक म्हणतो, "एकच तर हाय." एकच!

एक गोष्ट मनात टोचते आहे. निवृत्ती नागपूरला शिकलेला, आगगाडीनं एका दिवसात येईल. तो स्वतः का येत नाही मुलगी पाहायला? विचारलं, तर हे म्हणाले, "आपल्यात पोरगा जात नाही पाहाले." खरंच आहे ते. हेही मला पाहायला आले नव्हते. तरी टोचतं ते टोचतंच.

दुपारी नजीर मोटारीखाली आडवा पडून काही आवळत होता. तिथूनच म्हणाला, "बाईसाहेब, तुमाले लिवता-वाचता येते. लहान मालकाले एखादं पत्र टाकून पायलं का?"

"काऊन रे नजीर? तू काऊन विचारून राह्यला?"

"काही नाई. मी नोकर मानूस. टाकून पाहा म्हनलं."

टाकलं. आमच्या मास्तर वडिलांनी मला अक्षर दिलं ते कुठं तरी कामी यावं. लिहिलं की तुझ्यासाठी मुली पाहतो आहोत, तुला गोरी हवी की शिकलेली, खरं काय ते खामगावच्या टपालात ठेवलेलं मिळेल असं पाठव. यांना सांगितलं नाही. म्हणतील, दिराशी थट्टा करते.

४ मे, मोताळा

राजूर घाट उतरताना ब्रेक लागेना. एका बाजूला कडा, दुसऱ्या बाजूला दरी आणि हे नजीरवर ओरडताहेत, "अबे, देव आठव!" तो म्हणाला, "मालक, तुमी तुमचा आठवा, मी माहा आठवून राह्यलो." पाण्याची टाकी फुटली, पलंगावर पीठ सांडलं, त्याची लापशी झाली. त्या लापशीत मी बसून खाली आले.

मोताळ्याचा बाजार, कापसाच्या गाड्या, माशा, गूळ, भजी तळणाऱ्याचं तेल आठ दिवसांचं. पण इथं मुलगी मिळाली! झुंबर नाव. अठरावं लागलं आहे. बाप कडूबा, थोडी शेती, खटल्याचं, माणसांनी भरलेलं घर, म्हणून लग्न रखडलं. सहा भाऊ, दोन बहिणी. यांचा चेहरा उजळला. मुलगी काळीसावळी, हाडानं मजबूत, डोळे मोठे. शिकलेली नाही, पण विचारलेल्या प्रश्नाला उत्तर देते. मी विचारलं, "भाकरी येते का?" म्हणाली, "तुमाले भूक लागली का? करून आनतो." मी हसले. या सगळ्या फिरण्यात पहिल्यांदा हसले.

मीच पुढाकार घेतला. मीच! यांना सर्वांसमोर म्हटलं, "कंबर पाहा पोरीची. वर्षात पाळणा हलतो की नाही बघा."  मुलीची आई कौशल्याबाई पदरात तोंड घालून रडायला लागली. हे खाली बघत मिशीवरून हात फिरवत होते.

कडूबा खाकरला आणि मला म्हणाला, "बाई, तुमच्या मनानं हाय ना? कोनाचा जोर-जबरदस्ती नाई?"

"जोर कसला? माझ्याच मनानं चाललंय."

"मंग कुंकू तुमच्या हातानं लावा. पाच मानसाइच्या देखत. तुमच्या हातचं असलं का आमाले काही बोलाची जागा नाई."

काय मोठेपणा दिला मला! सासूबाईंनी बारा वर्षांत एका बारशाला मला पुढं होऊ दिलं नाही, वांझेची सावली नको म्हणून. आणि इथं परक्या घरी पाच माणसांत माझ्याच हातचं कुंकू हवं म्हणतात. माझ्या करंड्यातलं लावलं. ओटी भरली. हिरव्या बांगड्या भरल्या. सुपारी फुटली. सासूबाईंनी यांच्याजवळ दिलेली सोन्याच्या पुतळ्यांची माळ यांनी खिशातून काढली, ती मीच तिच्या गळ्यात घातली. चोरांच्या भीतीनं बरोबर घेतली असं म्हणाले होते, पण आधीच मनात योजलेलं दिसतं. कौशल्याबाई माझ्या पायांवर पडली, "लहान भैन समजजा. मारजा, पन उपाशी ठिऊ नका." मी म्हटलं, "अहो, धाकटी जाऊ म्हणजे बहीणच." तर ती मान वर करून माझ्याकडं बघतच राहिली.

मुलगीही सारखी माझ्याकडं बघत होती. काही तरी तोंडाशी येत होतं. लाजली असेल.

७ मे, खामगाव

शहर ते शहर, पण सरकीचा भुसा नाकात जातो आणि गटार रस्त्यातून वाहतं. तरी आज मी सकाळपासून खुशीत होते. चांदीच्या पेढीवर जोडवी घेतली, कापडाच्या दुकानात झुंबरसाठी शालू काढायला लावला. हिरवा, लाल काठ. दुकानदार म्हणाला, "नवरदेव कोन हाय?" मी म्हटलं, "नागपूरला असतो." हे एकदम म्हणाले, "मले जरा पेट्रोलचं पाहाचं हाय," आणि निघून गेले.

मग मी नजीरला घेऊन टपालात गेले. पत्र होतं. उतरून ठेवते, म्हणजे उद्या कोणी म्हणायला नको की कोकिळानं उलटं वाचलं.

"वहिनीस सा. न. माझं लग्न निघालं हे मला तुमच्या पत्रावरूनच कळलं. परीक्षा होईपर्यंत नाही, हे मी दादाला दिवाळीतच सांगितलं आहे. फाल्गुनात आईनं दादाच्या दुसऱ्या लग्नाला माझी हरकत नाही असं लिहून मागितलं होतं. मी हरकत घेतली. दादानं उत्तर दिलं की, तुझ्या वहिनीचीच संमती आहे, तीच मुलगी पाहणार आहे. मी समजलो, तुम्हाला सगळं ठाऊक आहे. वहिनी, ठाऊक आहे ना?"

टपालाच्या ओट्यावर बसले. शालूचं पुडकं मांडीवर. लोणारचा तो वास एकदम आला, तिथं, खामगावात.

पाळणा हलेल, मीच म्हणाले. कंबर पाहा, मीच म्हणाले. चालायला लावलं, केस सोडून पाहिले. स्वतःची सवत स्वतः निवडली, आणि गुण सांगून निवडली! पाच माणसांत विचारलं, "जोर नाई ना?" आणि मी छाती काढून सांगितलं, नाही. अन्नपूर्णाबाई, तुमच्या पाया पडायला हवं होतं मी. तुम्हाला मी गटार म्हटलं.

यांची चीड नंतर आली. आधी माझीच किळस आली. मोठेपणाची इतकी भूक लागली होती की वाढलं ते ताट कसलं आहे, हेही पाहिलं नाही.

नजीर समोर उभा होता. म्हटलं, "तुला ठाऊक होतं."

"साऱ्या मेहकरले ठाऊक होतं, बाईसाहेब."

"मोटार काढ. मोताळ्याला."

"मालक?"

"मालक पेट्रोल पाहून राह्यले. पाहू दे."

८ मे, मोताळा

सकाळी कडूबाच्या दारात उभी राहिले. तो "या बाई" म्हणाला. मी म्हटलं, "कडूबा, मला ठाऊक नव्हतं. मी ही मुलगी दिरासाठी पाहिली. देवाशपथ."

त्यानं पागोटं काढून ओट्यावर ठेवलं. कौशल्याबाई म्हणाली, "म्हून तुमी जाऊ म्हनल्या." आणि कपाळावर हात मारून घेतला.

झुंबर दारामागून बाहेर आली. कपाळावर माझंच कुंकू. म्हणाली, "मले त्याच दिवशी समजलं होतं तुमाले मालूम नाई. मी बोलाले पाह्यजे होतं. पन घरात आठ तोंडं हायेत, माय म्हने, चूप राय."

"तुझ्या मनात आहे का हे लग्न? खरं सांग. बापाकडं बघू नको, माझ्याकडं बघ."

ती बापाकडंच बघत राहिली.  मग तिनं गळ्यातली माळ काढून माझ्या हातात ठेवली आणि म्हणाली, "तुमी लावलं, तुमीच पुसा."

कौशल्याबाई किंचाळली. बरोबरच आहे. सवाष्णीनं कुणाचं कुंकू पुसायचं नसतं, आणि कुंवारणीचं तर नाहीच. माझा हात उचलेना. मीच तर हे मोडायला आले होते, आणि हात उचलेना. कडूबा जमिनीकडं बघत म्हणाला, "पुसा, बाई. मीही जोर नाई करत."

पदराचं टोक तांब्यात बुडवलं आणि पुसलं. पहिल्या पुसण्यात गेलं नाही, तीनदा पुसावं लागलं. कपाळ लाल झालं.

"आता मले कोन करन?" ती म्हणाली. रडत नव्हती, नुसतं विचारत होती.   माझं घर मी राखलं, हिचं काय केलं? शालू तिला द्यायला काढला, तिनं घेतला नाही.

९ मे, मोताळा ते बुलढाणा

हे दुपारी सर्व्हिस मोटारीनं आले. अंगभर धूळ, कलपाचा ओघळ कॉलरपर्यंत. भर बाजारात ओरडले, "काय केलं तू हे? माझी इज्जत काढली!"

"तुमची? मला वाटलं माझी निघाली."

"मी तुलेच विचारून करत होतो. तुझ्या हातानं होऊन राह्यलं होतं. मंग तुले घरात मान राह्यला असता."

हा माणूस खरंच असं समजतो! खोटं बोलला, तेही माझ्या मानासाठी! मला तिथंच थुंकावंसं वाटलं. थुंकले. त्यांच्यावर नाही, बाजूला.

"दुनियेत एकच पोरगी हाय का?" ते म्हणाले.

"नाही. पुष्कळ आहेत. पाहा जाऊन. पण प्रत्येक बाप विचारणार, मोठीच्या मनानं हाय का? तेव्हा मला बोलवा. मी येईन. येऊन पुसून जाईन."

भजीवाला झारा तसाच धरून ऐकत होता. हे मोटारीत चढायला लागले. मी दार धरलं. "पुढं बसा, नजीरजवळ. हे घर मी घाण काढून राहण्यासारखं केलंय."

सुलतानपूरला जायचं. सासूबाई काय म्हणतील ते ठाऊक आहे, मी काय म्हणणार ते अजून ठरत नाही. माहेरी नाही जाणार. त्या घराच्या भिंती मीही बारा वर्षं सारवल्या आहेत.

राजूर घाटात मोटारीनं दम सोडला. नजीर खाली उतरून माझ्या खिडकीशी आला आणि खाली बघत म्हणाला, "बाईसाहेब, चढ हाय."

मी उतरले नाही.

 मग पुढचं दार वाजलं. यांनी कोट काढला, धोतर खोचलं आणि दगड शोधायला गेले. मोटार एक हात चढायची, थांबायची, हे चाकामागं दगड लावायचे, पुन्हा ढकलायचे. मी मागच्या काचेतून पाहत होते. घामानं मिशीचा काळा रंग सगळा तोंडभर झाला होता आणि खाली मिशा पांढऱ्या निघाल्या.

थोडं पाहिलं. मग पडदा ओढून घेतला.